एकोणीस सुया

आमची चेकर जाऊन आठ दिवस झाले होते. त्या मंगळवारी आम्ही तिघी पहिल्यांदाच जमलो होतो, आणि येतानाच ठरवलं होतं की रडारड करायची नाही, काम करायचं. रडणाऱ्या बायका तिला आवडत नसत. "कापडावर डाग पडतात," म्हणायची. हेडबाईंनी टेबल पुसलं, पार्लरवालीने खिडकी उघडली, मी सुयांचा डबा उघडला. आतल्या गादीवर चार-चारच्या पाच ओळींत सुया टोचलेल्या असतात. शेवटच्या ओळीत तीनच होत्या.

मी पुन्हा मोजल्या. मग चष्मा पुसून मोजल्या. एकोणीस.

"काय गं पोस्ट, दातखीळ बसली का?" हेडबाई म्हणाल्या. मी पोस्टाच्या काउंटरवर तीस वर्षं काढली, म्हणून इथे मला पोस्ट म्हणतात. मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी मोजल्या, मग पार्लरवालीने मोजल्या. माणूस बदललं म्हणून सुया काही वाढत नाहीत.

एका सुईचं एवढं काय, असं कोणालाही वाटेल. पण आम्ही काय शिवतो ते ऐका. स्तनाचं ऑपरेशन झालं की काखेतली जखम हाताला घासते. बाईला ना हात खाली सोडता येत, ना वर धरता येत. त्या काखेत ठेवायला आम्ही बदामाच्या आकाराच्या मऊ उशा शिवतो. टाके ताजे असताना बाई ती उशी अंगाशी घट्ट धरून झोपते. त्या उशीत सुई राहिली असेल तर काय होईल, ते मी सांगायला नको.

आमची खोली रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराच्या शेजारी आहे. पूर्वी तिथे चादरी ठेवत. भिंतीतून वाफेचे पाइप गेलेत, ते दिवसभर ठणठण वाजतात. आम्हा चौघींनाही कॅन्सर. आजारपण, दुखणं, तब्येत असले आडवळणाचे शब्द चेकरला खपत नसत. "शर्टाला भोक असलं तर भोक म्हणायचं," असं तिचं मत. हेडबाई शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आम्हाला रांगेत बसवल्यासारख्या बोलतात. पार्लरवाली चौतीस वर्षांची. दुसऱ्यांचे केस कापणाऱ्या बाईचेच सगळे केस गेले, यावर ती स्वतःच विनोद करते, त्यामुळे आमची पंचाईत होते. ती काम करताना मोबाइल बघते, गाणी गुणगुणते, दोरा वाटेल तेवढा तोडते. मला ती कधीच गंभीर वाटली नाही.

आणि चेकर. तिची माझी ओळख वरच्या मजल्यावरची, जिथे खुर्च्यांवर बसवून हाताला सलाइन लावतात. ती शेजारच्या खुर्चीत होती. मी पंखा बंद करायला सांगितला, तिने चालू ठेवायला सांगितला, आणि आमचं कडाक्याचं भांडण झालं. भांडण संपल्यावर तिने माझी बाही हातात घेतली, शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाली, "हे कोणी शिवलं? त्याला आधी इथे आणून बसवा." त्या दिवशी मी सहा आठवड्यांनी हसले होते.

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती सव्वीस वर्षं चेकर होती. शिवून आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा. तिथे मशिनची सुई मोडली तर मोडलेले सगळे तुकडे शोधून, कागदावर चिकटवून दाखवायचे, तोवर पुढचं काम बंद, असा नियम. एकदा सुईचं टोक सापडेना. हिने ऐंशी शर्ट उसवायला लावले. मॅनेजर नाचला, थयथयाट केला, ट्रक दारात उभा होता. ही हाताची घडी घालून मशिनसमोर उभी. टोक शेवटी हिच्याच चपलेच्या तळव्यात निघालं. ही गोष्ट ती आम्हाला महिन्यातून दोनदा सांगायची, आणि दर वेळी मॅनेजर थोडा जाडा व्हायचा. छातीतली गाठही तिने स्वतःच पकडली होती. "डॉक्टरला दाखवून दिली मी, इथे आहे बघा म्हणून."

आमच्या खोलीत नियम तिचेच. सुया वीस. सुरुवातीला मोजायच्या, उठताना मोजायच्या, वहीत आकडा लिहून सही करायची. तयार उशी शेवटी तिच्या हातात जायची. ती डोळे मिटून, बोटांनी इंच-इंच दाबत सगळी उशी तपासायची. आणि एक नियम होता तो सगळ्यांत कडक. औषधांनी आमच्यातल्या काहींच्या बोटांची टोकं बधिर होतात. काहींची परत येतात, काहींची येत नाहीत. ज्या बाईला सुई टोचलेली कळत नाही, तिने सुई धरायची नाही. तिने भरण भरायचं. आमच्यात पूर्वी एक जण होती, टेलिफोन खात्यातली. तिची बोटं गेली तसं चेकरने तिला भरणाच्या पोत्याशी बसवलं. तिसऱ्या आठवड्यापासून ती यायची बंद झाली. पुढे तिचं काय झालं हे आम्ही कोणाला विचारलंही नाही.

म्हणून माझी बोटं गेली तेव्हा मी मूग गिळून बसले. उजव्या हाताची तीन. चार महिने झाले होते. मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर माझ्या आठवड्यात सुनेची काळजी आणि औषधाच्या गोळ्यांपलीकडे काही नव्हतं. ते दोन दिवस मला हवे होते, आणि पोत्याशी बसून नको होते.

तर त्या दिवशी सुई हरवली, आणि मी सुया पुन्हा पुन्हा मोजल्या त्या यासाठी. शेवटचं काम आम्ही तीन आठवड्यांपूर्वी केलं होतं. बारा उशा. उठताना चेकरने सुया मोजल्या, "वीस" म्हणाली, मी वहीत वीस लिहिलं आणि सही केली. डब्यात डोकावलेसुद्धा नाही. ती मोजत असताना आपण कशाला बघायचं? मग ती दवाखान्यात दाखल झाली, खोलीला कुलूप लागलं. वहीत माझा आकडा आणि माझी सही होती. सुई माझ्याच हातून राहिली असेल, आणि मला ते कळलंही नसेल.

"बारा उशा कुठे आहेत?" हेडबाईंनी विचारलं.

"दहा वर वॉर्डच्या कपाटात असतील," पार्लरवाली म्हणाली. "एक चेकरताईंनी स्वतःसाठी ठेवून घेतली. आणि एक..." तिने मोबाइल खाली ठेवला. "एक काल सिस्टरने काढली. काल ऑपरेशन होतं एक."

आधी जमीन पाहिली. चेकरने कारखान्यातून आणलेला नालाच्या आकाराचा लोहचुंबक टेबलाखाली, कोपऱ्यांत, पाइपांच्या मागे फिरवला. दोन केसांच्या पिना निघाल्या. भरणाच्या जाडीतून त्या चुंबकाची पकड लागत नाही, त्यामुळे उशांना त्याचा उपयोग नव्हता. "एक्स-रे काढून घेऊ या का?" हेडबाई म्हणाल्या. एक्स-रेच्या रांगेत माणसंच तीन-तीन तास ताटकळत होती, तिथे उशा मांडीवर घेऊन कोण बसणार? हेडबाई आणि पार्लरवाली कपाटातल्या दहा आणायला गेल्या. अकरावी आणायला मी जिने चढले. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता.

सिस्टरने मला दारातच अडवलं. "आत्ता नको. रात्रभर कण्हत होत्या, आत्ता कुठे डोळा लागलाय."

"काखेत उशी आहे का त्यांच्या?"

"आहे ना. सोडतच नाहीत."

मी तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. ती मला आत घेऊन गेली.

बाई साधारण माझ्या मुलीच्या वयाची होती. तोंड भिंतीकडे, आणि निळ्या फुलांची उशी काखेत अशी दाबलेली, की वरचं कापड चुरगळलं होतं. सिस्टरने तिचा हात वर उचलला, मी उशी सरकवायला लागले. माझ्या बोटांना कापड कळत नव्हतं, तिचं अंग कळत नव्हतं, आपण किती जोर लावतोय ते कळत नव्हतं. मी डोळ्यांनी बघून बघून, तसूतसूने उशी ओढली. अर्ध्यावर तिने डोळे उघडले.

"नका नेऊ," ती म्हणाली.

"दुसरी देते, बाळा. ही जरा... ही सदोष आहे."

"चांगली आहे ही." तिने कोपर खाली दाबलं, तिला कळ आली, ती ओरडली. माझ्या मनात एकच होतं, आता रुतली. सिस्टरने वाकून पट्टी बघितली. रक्त नव्हतं. उशी निघाली. सिस्टरने टॉवेलची गुंडाळी करून तिच्या काखेत ठेवली. ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिचं मूल उचलून नेतेय.

जिन्यात मी थांबले आणि उशी गालाला लावून सगळीकडून दाबली. बोटं मेली तरी गाल जिवंत होता. काही टोचलं नाही. पण भरणाच्या पोटात आडवी बसलेली सुई गालाला कळेलच असं नाही, म्हणून ती खाली आणलीच.

मग आम्ही चेकरचं शेवटचं काम उसवायला बसलो.

उशा आम्ही तिघींनी शिवल्या होत्या, पण तोंड बंद करायची शेवटची शिवण सगळ्यांवर तिची असायची. लहान, सारखे, एक झाकावा आणि दुसरा काढावा असे टाके. हेडबाईंनी पहिला टाका कात्रीने तोडला आणि त्यांचा हात थांबला. "मेली एवढं बारीक शिवते कशाला," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असला शब्द मी कधी ऐकला नव्हता. रडायचं नाही असं ठरलं होतं, ते तिथेच मोडलं. आम्ही रडत होतो, शिवण उसवत होतो, भरण मूठ-मूठ बाहेर काढून कागदावर पिंजत होतो. मला तिचा राग आला होता. ऐंशी शर्ट उसवणारी बाई, आणि आम्हाला मागे असं ठेवून गेली. आपण सगळ्या एकमेकींना सांभाळू म्हणाली होती, आणि सुया सांभाळता आल्या नाहीत. हे मी मोठ्याने बोलले. पार्लरवाली म्हणाली, "मावशी, तिला आता बोलून काय फायदा?" मी म्हणाले, "जिवंतपणी बोलू देत नव्हती, आत्ताच बोलायची संधी आहे." हेडबाईंना रडता-रडता हसू आलं आणि मग ठसकाच लागला.

अकरा उशा झाल्या. पांढऱ्या भरणाचा टेबलावर ढीग झाला. सुई नव्हती.

राहिली बारावी. ती तिच्या घरी होती. आणि तिच्यातही नसेल, तर सुई त्याच्याही आधीच्या कुठल्यातरी उशीत होती, आणि त्या तर कधीच आपापल्या घरी गेल्या होत्या. त्या आधीच्या उशांची मला जास्त भीती वाटत होती. कारण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. चेकरचीही बोटं गेली होती. तीन महिन्यांपूर्वी चहाचा उकळता पेला तिने उघड्या हातात धरला, धरूनच ठेवला, आणि तळवा लाल झाल्यावर मी तो तिच्या हातातून काढून घेतला. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. त्यानंतरही ती डोळे मिटून उशा तपासत राहिली, आणि मी बघत राहिले.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

तिच्या घराचं दार भावोजींनी उघडलं. म्हणजे तिचे यजमान. पाण्याच्या मोटरी दुरुस्त करतात, केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे भरतात. पुढच्याच खोलीत त्यांचं बाक आहे. त्या दिवशी बाकावर एकही मोटर नव्हती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उशी मागितली.

"आतमध्ये सुई आहे का बघायचंय," मी म्हणाले.

"आहे," ते म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी उजवा गाल पुढे केला. गालावर बारीक, वाळलेला ओरखडा होता. "ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लागली मला. मी झोपतो त्या उशीवर."

"मग काढली का नाही?"

"तिने सांगितलं होतं, ही तपासायची नाही. बाकीच्या सगळ्या तपास, ही राहू दे."

"बाकीच्या सगळ्या म्हणजे?"

"वहिनी, तीन महिने झाले. तयार उशांची पिशवी घरी आणायची. तिच्या बोटांना काही कळत नव्हतं. मग रात्री जेवणं झाली की मी बसायचो. आधी हातांनी, मग गालाने. ती समोर बसून कुठे दाबायचं ते सांगायची. इथे, कोपऱ्यात, शिवणीच्या आत. एकदा तपासली तर चालायचं नाही, दोनदा. सकाळी मी वॉर्डात पोहोचवायचो." ते बाकावरच्या फडक्याने उगाच हात पुसू लागले. "एकदाही काही निघालं नाही. तुमचं काम चांगलं असतं म्हणायची."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तीन महिन्यांच्या सगळ्या उशा, सगळ्या काखा, सगळ्या घरी गेलेल्या बाया. कोणाला काही झालं नव्हतं.

"मला माहीत होतं तिच्या बोटांचं," मी म्हणाले.

"तिलाही माहीत होतं. ती म्हणायची, पोस्ट बोलणार नाही. तिचीही गेलीत."

म्हणजे तिने मलाही पकडलं होतं, आणि पोत्याशी बसवलं नव्हतं. मला त्या क्षणी तिची इतकी आठवण आली की पंख्यावरून पुन्हा भांडायला तरी ती हवी होती.

उशी आम्ही तिथेच बाकावर उघडली. त्यांना नको होतं. मी म्हणाले, "भावोजी, डोळ्यात गेली असती म्हणजे?" ते म्हणाले, "गेली असती तर गेली असती." मी आवाज चढवला. "ती इथे असती तर तुम्हाला हे बोलू दिलं असतं?" तेव्हा त्यांनी स्वतःच छोटी कात्री दिली.

टाके वेडेवाकडे होते. पहिलीतल्या पोरीने घातल्यासारखे, कुठे लांब, कुठे एकावर एक. आधीच्या अकरांना तिने नुसत्या नजरेवर निभावलं होतं, बारावीला ते बळ उरलं नव्हतं. तिचे ते टाके बघून मला लाज वाटली, जणू तिला उघडं बघितलं. सुई शिवणीच्या आत आडवी सरकवलेली होती, आणि तिच्यात दोरा अजून होता. दोऱ्याला गाठ नव्हती. गाठ मारता आली नाही, म्हणून शिवण सुटू नये यासाठी तिने सुईच आत खोचून ठेवली होती. आणि मग डब्यावर वाकून, माझ्यासमोर, वीस म्हणाली होती. गाठ मारून दे, एवढंच मला म्हणायला हवं होतं तिने. आणि मी तरी कुठे मारू शकले असते?

शिवण मी पुन्हा घातली, तिच्यापेक्षा वाईट. गाठ भावोजींनी मारली. मी सुई कागदात गुंडाळून निघाले, तेव्हा ते उशी मांडीवर घेऊन बसले होते.

खोलीत परत आले तर दोघी भरणाच्या ढिगामागे तशाच बसून होत्या. मी कागद उघडून सुई शेवटच्या ओळीत टोचली. कुठे होती ते सांगितलं, भावोजींचं सांगितलं. हेडबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळं तिथेच मिटलं असतं. सुई चेकरची होती, माझी नव्हती. माझ्या बोटांबद्दल कोणी विचारलंही नव्हतं.

"माझी बोटं गेलीत," मी म्हणाले. "चार महिने झाले. मी आजपासून भरण भरते."

हेडबाईंनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी खुर्ची उचलली आणि पोत्यापाशी, माझ्या शेजारी आणून ठेवली. "सरक जरा, माझीही तीच गत," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोघींनी पार्लरवालीकडे बघितलं. ती रडायला लागली. "माझी चांगली आहेत," ती म्हणाली, चोरी पकडल्यासारखी. "सगळं कळतं मला. मला नको ते काम. मला नाही जमणार. चुकलं म्हणजे?"

वर एक बाई टॉवेलची गुंडाळी काखेत धरून पडली होती, तिला संध्याकाळच्या आत उशी द्यायची होती. मी निळ्या फुलांच्या अभ्र्यात भरण भरलं. पार्लरवालीने नाक पुसलं, सुई ओवली, तोंड शिवून बंद केलं. गाठ मारली. मग मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला, डोळे मिटले आणि बोटं एका कडेपासून पुढे सरकवायला लागली. कोपऱ्यात थांबली, पुन्हा दाबून पाहिलं. सगळी उशी झाल्यावर ती खाली ठेवणार तोच तिने पुन्हा उचलली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.